आधी वेळेवर पैसे: मोठी कंपनी आणि तिचा छोटा पुरवठादार

दर महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास मला भोसरीहून अण्णांचा फोन येतो. प्रश्न एकच असतो: "आले का?" अण्णांचा गाळा एमआयडीसीत आहे. संगणकावर चालणारी तीन यंत्रं (दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ) आणि आठ माणसं. ते गाड्यांच्या स्टिअरिंगला लागणारी पोलादी बुश, म्हणजे छोट्या पोकळ नळ्या, बनवतात आणि मी त्यांचे हिशेब बघतो. 7 तारखेला पगार द्यायचा, त्याआधी वीजबिल भरायचं, मशीनचा हप्ता 5 तारखेला बँक परस्पर कापून घेते आणि स्टीलवाला आठवड्यापलीकडे उधारी ठेवत नाही. अण्णांनी दिलेल्या मालाचे पैसे मात्र तीन महिन्यांनी येतात.

एकदा मी त्यांच्यासोबत एका मोठ्या ग्राहकाच्या व्हेंडर मीटला, म्हणजे पुरवठादारांच्या मेळाव्याला, गेलो होतो. पुरवठादारांना सक्षम कसं करायचं यावर दिवसभर भाषणं झाली आणि संध्याकाळी अण्णांना चांगल्या दर्जासाठी ट्रॉफी मिळाली. त्या दिवशी त्याच ग्राहकाकडे त्यांचं सगळ्यात जुनं बिल 104 दिवसांचं झालं होतं. परतताना गाडीत अण्णा ट्रॉफी मांडीवर घेऊन गप्प बसले होते. मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना मदत करावी असं कुणी म्हणालं की मला तो प्रवास आठवतो. प्रशिक्षण हवं, तंत्रज्ञान हवं, पुरस्कारही हवेत. पण पहिली मदत म्हणजे ठरल्या दिवशी पैसे. का, ते आकड्यांत मांडतो.

समजा अण्णांचं महिन्याचं बिल 10 लाखांचं आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 11 लाख 80 हजार होतात. पैसे 90 दिवसांनी येत असतील, तर कुठल्याही दिवशी तीन महिन्यांची बिलं बाहेर अडकलेली असतात, म्हणजे 35 लाख 40 हजार रुपये. 45 दिवसांनी आले असते तर 17 लाख 70 हजारच अडकले असते. उरलेले 17 लाख 70 हजार अण्णा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, उचलतात. व्याज 12 टक्के धरलं तरी वर्षाला 2 लाख 12 हजार जातात. वर्षाची विक्री 1 कोटी 20 लाखांची आणि नफा 6 टक्के, म्हणजे 7 लाख 20 हजार. त्यातले जवळजवळ तीस टक्के केवळ वाट बघण्यात गेले! शिवाय जीएसटी सरकारकडे पुढच्या महिन्यातच भरायचा असतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही.

आता मोठ्या कंपनीच्या बाजूने बघू. तेच 17 लाख 70 हजार तिच्याकडे दीड महिना जास्त राहिले. तिला बँक 8 टक्क्यांनी कर्ज देते असं धरलं, तर तिची बचत होते 1 लाख 42 हजारांची. अण्णांचं नुकसान 2 लाख 12 हजारांचं. मधले 70 हजार दोघांनाही मिळत नाहीत, ते महागड्या कर्जाच्या व्याजात जळून जातात. ज्याला पैसा स्वस्त मिळतो त्याने ज्याला महाग मिळतो त्याच्याकडून बिनव्याजी उसने घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. आणि ते व्याज शेवटी बुशच्या दरातच शिरतं. अण्णा नवा दर काढतात तेव्हा ते त्यात धरतात. धरलं नाही, तर गाळा बंद पडतो.

मग कंपन्या असं का करतात? त्यात दरवेळी दुष्टपणा असतो असं मला वाटत नाही. खरेदी विभागातल्या माणसाचं वर्षाचं मूल्यमापन ठरतं दर किती कमी केले यावर, फायनान्सवाल्याचं ठरतं रोकड किती राखली यावर. पुरवठादार टिकला का, हा प्रश्न दोघांच्याही तक्त्यात नसतो. तो एक रकाना वाढवला आणि बढती ठरवताना उशिरा गेलेल्या बिलांचं प्रमाण बघितलं, तर खर्च न करता बरंच बदलेल.

दिवस मोजायला कुठून सुरुवात होते, हेही बघावं लागतं. माल घेऊन टेम्पो गेटवर पोहोचतो तो सोमवारी. उतरवून घ्यायला मंगळवार उजाडतो. तपासणी होऊन जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कधीकधी पुढच्या आठवड्यात होते. कंपनी दिवस मोजते तिथून. त्यात बिलं पास करण्याचे महिन्यात दोनच दिवस ठरलेले असले आणि एक चुकला, तर आणखी पंधरवडा गेला. कागदावर 60 दिवसांचा करार असतो, प्रत्यक्षात 85 होतात, आणि विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "सिस्टिममध्ये आहे."

याबाबत आपला कायदा स्पष्ट आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण ती तारीख माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवायची, नाहीतर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे जीआरएन उशिरा करून दिवस वाढवण्याला कायद्यात आधार नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर साडेपाच टक्के धरला तर व्याजाचा दर साडेसोळा टक्के होतो. तक्रारीसाठी सरकारची सुविधा परिषद आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. परिषदेच्या निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर कंपनीला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद, माल देण्याआधी झालेली असणं शहाणपणाचं. मी माझ्या सगळ्या वर्कशॉपना बिलावर उद्यम क्रमांक छापायला लावतो आणि चलनावर गेटचा तारखेचा शिक्का घ्यायला सांगतो.

इतकं असूनही अण्णांनी कधी तक्रार केली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "व्याज मिळेल हो, पण पुढची ऑर्डर?" त्यांच्या विक्रीतला सत्तर टक्के माल दोन ग्राहकांकडे जातो. अशा माणसाने त्यातल्या एकावर दावा लावायचा म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची. म्हणून कायद्याचा हक्क पुरवठादाराने मागायची वाट न बघता कंपनीने स्वतःहून पाळणं, ही मदतच आहे. उशीर झाला तर व्याज न मागता जमा करायचं. ज्या कंपनीला खरंच साथ द्यायची आहे, तिने एवढं करून दाखवावं.

1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या एका तरतुदीने या बाबतीत जोर लावला. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्चअखेर थकलेली बिलं पटापट निघायला लागली. पण कायद्याची वेसण टाळायला काही खरेदीदार छोट्यांऐवजी मध्यम उद्योगाकडे वळले. छोट्याला संरक्षण दिल्यामुळे तोच नकोसा व्हावा, हे फार वाईट आहे. पुरवठादार निवडताना त्याचा आकार बघून त्याला गाळणार नाही, असं मोठ्या कंपनीने खरेदी धोरणात लिहून टाकलं पाहिजे.

परदेशी कंपन्यांबद्दल बोलताना एक गोष्ट नेहमी निसटते. चाकणला जर्मन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत, पण अण्णांची बुश तिथे थेट जात नाहीत. ती जातात स्टिअरिंगची जोडणी करणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे टियर वनकडे, आणि तिथून गाडीच्या कारखान्यात. काही वेळा मध्ये आणखी एक पायरी असते. वरची कंपनी टियर वनला 45 दिवसांत पैसे देत असेल आणि तो अण्णांना 90 दिवसांनी देत असेल, तर वरच्या कंपनीचा चांगुलपणा मधल्या पायरीवरच संपतो. वार्षिक अहवालात मात्र सगळं वेळेवर दिलं असंच लिहून येतं. तेव्हा करारात अट हवी: ज्या मुदतीत आम्ही तुम्हाला देतो, त्याच मुदतीत तुम्ही खालच्याला द्या, आणि ते दिल्याचं दाखवा. दर्जाच्या अटी अशाच खालपर्यंत जातात. जर्मनीत 1 जानेवारी 2023 पासून पुरवठा साखळीबद्दलचा कायदा लागू झाला. तेव्हापासून कामगारांचे तास, सुरक्षितता, पर्यावरण यांबद्दलच्या प्रश्नावल्या पुण्यातल्या पुरवठादारांपर्यंत येतात. प्रश्न योग्यच आहेत, पण इंग्रजीतली तीस-चाळीस पानं भरायला अण्णांकडे वेगळा माणूस नाही, ती मी रात्री बसून भरतो. प्रश्नावली खालपर्यंत येते, तर पैशांची मुदतही यायला अडचण नसावी.

पैसे लवकर मिळण्याची एक चांगली सोय आपल्याकडे झाली आहे, तिला ट्रेड्स म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे ऑनलाइन मंच आहेत, पहिला मुंबईतून 2017 मध्ये सुरू झाला. पुरवठादार बिल चढवतो, कंपनी ते मान्य करते आणि बँका त्यावर बोली लावतात. ज्या बँकेचं व्याज कमी ती बिल घेते, पैसे एक-दोन दिवसांत खात्यात येतात आणि मुदत संपल्यावर कंपनी बँकेला पैसे चुकवते. व्याज लागतं ते कंपनीची पत बघून, म्हणून स्वस्त पडतं. आणि कंपनीने बुडवलं तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. अण्णांच्या एका ग्राहकाने हे सुरू केलं तेव्हा पहिलं बिल होतं 11 लाख 80 हजारांचं. 60 दिवसांसाठी 9 टक्क्यांनी साडेसतरा हजार कापले गेले. कॅश क्रेडिटवर सव्वातेवीस हजार गेले असते.

250 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च 2025 पर्यंत या मंचावर नोंदणी करणं बंधनकारक झालं. पण नोंदणी करणं वेगळं आणि बिलं रोजच्या रोज मान्य करणं वेगळं. नाव नोंदवून दार बंद ठेवलं तर अण्णांना त्याचा काय उपयोग? आणि ते साडेसतरा हजार अण्णांच्या खात्यातून गेले हेही विसरायला नको. 45 दिवसांच्या पुढचं व्याज कंपनीने सोसावं, असं माझं ठाम मत आहे.

पैशांनंतर दुसरी गोष्ट म्हणजे शेड्यूल, म्हणजे किती माल कधी हवा याचं वेळापत्रक. महिन्याच्या सुरुवातीला 20 हजार बुशचं शेड्यूल येतं, अण्णा स्टील आणून ठेवतात, आणि 18 तारखेला मेल येतो की या महिन्यात 12 हजारच पुरे. उरलेली 8 हजार बुश पेट्यांत भरून जिन्याखाली पडून राहतात. यावर उपाय सोपा आहे. पुढच्या चार आठवड्यांचं शेड्यूल पक्कं धरायचं, आणि बदललंच तर तयार झालेल्या मालाचे आणि आणलेल्या स्टीलचे पैसे द्यायचे. तसंच स्टीलच्या भावाचं. भाव चढला की फरक तिमाही संपल्यावर चर्चेने मिळतो, उतरला की पुढच्या बिलातून लगेच कापला जातो. दोन्हीकडे एकच नियम लावला तरी पुष्कळ झालं.

शिकवण्याबद्दल बोलायचं तर टोयोटाचं उदाहरण घ्यावंच लागतं. 1970 च्या सुमारापासून या कंपनीचा एक विभाग पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन, तिथल्या माणसांसोबत उभा राहून काम सुधारतो. त्यातून जे नातं तयार झालं ते 1997 मध्ये कसाला लागलं. 1 फेब्रुवारीच्या पहाटे जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा आणि टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथूनच यायचे. साठा फार थोडा होता. टोयोटाचे कारखाने थांबले. मग आयसिनने नकाशे वाटले आणि 60 हून जास्त कंपन्यांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती. दर काय, पैसे कोण देणार, यावर कुणी आधी घासाघीस केली नाही. आठवडाभरात गाड्यांचं उत्पादन रुळावर आलं. मला मात्र त्यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आयसिनने मदतीचा खर्च भरून दिला. टोयोटाने थेट पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या 1 टक्का रक्कम आभार म्हणून दिली, आणि त्यांतल्या अनेकांनी तीच रक्कम आपल्या खालच्या पुरवठादारांना पोहोचवली. साखळीत खालपर्यंत पैसे पोहोचवता येतात, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे इंजिनिअर गाळ्यात येतात तेव्हा मालक धास्तावतो, आणि त्याला कारण आहे. मागे एका ग्राहकाच्या माणसांनी अण्णांच्या मशीनचा सेटअप, म्हणजे एका कामानंतर दुसऱ्यासाठी मशीन तयार करण्याचा वेळ, दोन तासांवरून पन्नास मिनिटांवर आणून दिला. खरोखर सुंदर काम केलं होतं. नग पकडून ठेवणारं फिक्श्चर बदललं, टूल आधी मोजून ठेवायला शिकवलं. पुढच्याच महिन्यात खरेदी विभागाचा मेल आला: वेळ वाचला आहे, दर 4 टक्क्यांनी कमी करा. त्यानंतर अण्णांनी कुणाला दुसरं मशीन दाखवलं नाही. शिकवून झालेली बचत निदान वर्ष-दोन वर्षं छोट्याकडे राहू द्यावी, मग वाटून घ्यावी. त्याचं पोट भरलं तरच तो पुन्हा दार उघडेल.

मोठी कंपनी निघून जाते तेव्हा काय होतं, हे तळेगावने पाहिलं आहे. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवायचं ठरवलं आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही बंद झालं. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, पण त्या करारावर सह्या व्हायला ऑगस्ट 2023 उजाडला. कामगारांच्या लढ्याच्या बातम्या आल्या, याव्यात अशाच होत्या. छोट्या पुरवठादारांबद्दल मात्र फार कुणी लिहिलं नाही. एका गाडीपुरती बनवलेली डाय, म्हणजे साचा, दुसऱ्या गाडीला चालत नाही. डायचे पैसे नगामागे थोडेथोडे मिळणार असतील आणि नगच थांबले, तर उरलेली रक्कम बुडते. म्हणून डायचा खर्च कंपनीने सुरुवातीलाच द्यावा, किंवा उत्पादन लवकर थांबलं तर बाकीचा देईन असं लिहून द्यावं. आणि एखाद्या छोट्या पुरवठादाराचा निम्म्याहून जास्त माल आपल्याकडेच येत असेल, तर त्याला दुसरे ग्राहक शोधायला कंपनीने उत्तेजन द्यावं.

आता साखळीचं दुसरं टोक. अण्णा कंपनीला माल देतात, माझे मामा कंपनीचा माल विकतात. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्यांची खाण्यापिण्याच्या वस्तूंची एजन्सी आहे. इथे पैसा उलटा वाहतो. मामा आधी पैसे पाठवतात, मग ट्रक निघतो. दुकानदाराला मात्र दोन-तीन आठवड्यांची उधारी द्यावी लागते. महिन्याला 20 लाखांचा माल आणि साडेचार टक्के मार्जिन, म्हणजे 90 हजार. त्यात दोन सेल्समन, टेम्पो, गोडाऊनचं भाडं आणि नासधूस.

मार्जिन वाढवा, अशी मामांची मुख्य मागणी नाही. ते म्हणतात, क्लेम सोडवा. कंपनी स्कीम काढते, दहावर एक मोफत. मामा तो एक नग आपल्या पदरचा देतात आणि कंपनीकडे क्लेम टाकतात. मुदत संपलेल्या मालाचंही तसंच. हे क्लेम महिनोन् महिने पडून राहतात. 3 लाखांचे क्लेम अडकले की तीन महिन्यांहून जास्त कमाई अडकली. 45 दिवसांचा कायदा इथे कामाला येत नाही, कारण मामा कंपनीला काही विकत नाहीत. आणि 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट पूर्ण करायला नको असलेला माल ढकलला जातो. तोच काही महिन्यांनी मुदत संपून परत क्लेममध्ये येतो. दुकानदाराकडे प्रत्यक्ष किती खपलं त्यावरून माल पाठवला, तर ही रड निम्मी थांबेल. खपाचा आकडा सेल्समनच्या मोबाइलमधून कंपनीला रोज कळतच असतो.

किमतीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मोठ्या ऑनलाइन घाऊक विक्रेत्याला तोच माल स्वस्त मिळाला, की गावचा दुकानदार मामांना विचारतो, "तुम्ही लुटता का?" याच असंतोषातून 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मालाचा पुरवठा थांबवला होता. खेड्यातल्या शेवटच्या दुकानापर्यंत टेम्पो नेणाऱ्याला आणि शहरातल्या गोडाऊनमधून विकणाऱ्याला वेगळा दर द्यायचा, तर तो टेम्पोवाल्याच्या बाजूने वेगळा असायला हवा.

मामांच्या टेबलावर क्लेमची एक जुनी लाल वही आहे. पैसे आले की ते त्या नोंदीवर आडवी रेघ मारतात. मागच्या भेटीत मी ती चाळली. सात महिन्यांपूर्वीच्या पानावर एक नोंद अजून उघडी होती: बिस्किटं, 41 पेट्या, मुदत संपली, 38 हजार 400 रुपये. शेजारी मामांनी पेन्सिलीने कंपनीच्या माणसाला केलेल्या फोनच्या तारखा लिहिल्या होत्या. अकरा होत्या.